गुंतागुंतीच्या बाळंतपणानंतर कृष्णवर्णीय आईसोबत आरोग्य कार्यकर्तीने नेमकं काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्या ताईंनी पुण्यात समाजकार्याचं शिक्षण घेतलंय आणि लग्नानंतर त्या न्यू जर्सीत आल्या आहेत. नेवार्क भागातल्या एका संस्थेत त्यांना कम्युनिटी हेल्थ वर्कर म्हणून काम मिळतंय. ज्या कृष्णवर्णीय स्त्रियांच्या गरोदरपणात किंवा बाळंतपणात गुंतागुंत झाली, त्यांना पुढे वर्षभर साथ द्यायची, असं ते काम. ताई विचारतात, "इथे एवढी मोठी हॉस्पिटलं आणि एवढे डॉक्टर असताना मी घरी जाऊन वेगळं काय करणार? आणि मी भारतीय. त्या बायका मला दारात तरी उभं करतील का?"

मी मूळची नर्स. याच भागात बरीच वर्षं अशा कार्यकर्त्यांच्या गटाची पर्यवेक्षक म्हणून काम करते. दुसऱ्या प्रश्नाकडे नंतर येते, कारण त्याला थोडी पार्श्वभूमी लागते. पहिल्याचं उत्तर आधी देते: बाईने सांगितलेली तक्रार योग्य माणसाच्या कानावर घालायची, आणि त्यावर काही कृती होईपर्यंत ती सोडायची नाही. माहितीपत्रकं वाटणं, आहार सांगणं, लसीची तारीख लक्षात आणून देणं हे सगळं करावं लागतं, पण त्यासाठी माणूस घरी पाठवायची गरज नसते. माणूस लागतो तो पाठपुराव्याला.

आकडे बघा. २०२३ साली अमेरिकेत दर एक लाख जिवंत जन्मांमागे १८.६ मातामृत्यू झाले. गोऱ्या स्त्रियांत हे प्रमाण १४.५ होतं आणि कृष्णवर्णीय स्त्रियांत ५०.३. मृत्यूंची छाननी करणाऱ्या राज्यांच्या समित्यांनी २०१७ ते २०१९ मधली प्रकरणं तपासली, तेव्हा आणखी दोन गोष्टी पुढे आल्या. गरोदरपणाशी संबंधित मृत्यूंपैकी ५३ टक्के मृत्यू बाळंतपणानंतर एक आठवडा ते एक वर्ष या काळात झाले होते, म्हणजे बाई हॉस्पिटलातून घरी गेल्यावर. आणि पाचांतले चारहून अधिक मृत्यू टाळता आले असते.

हे गरिबीमुळे होतं असं कोणी म्हणालं तर अर्धंच खरं धरा. पदवीधर कृष्णवर्णीय स्त्रियांचं मृत्यूचं प्रमाण पदवीधर गोऱ्या स्त्रियांच्या पाचपट आहे. डॉ. शॅलन अर्व्हिंग अटलांटात सीडीसी या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत साथरोगतज्ज्ञ होत्या आणि विषमतेचा आरोग्यावर होणारा परिणाम हाच त्यांच्या कामाचा विषय होता. जानेवारी २०१७ मध्ये मुलीला जन्म दिल्यावर वाढलेलं बीपी, पायाची सूज अशा तक्रारी घेऊन त्या पुन्हा पुन्हा दवाखान्यात गेल्या. त्याच महिन्यात, वयाच्या ३६ व्या वर्षी, त्या गेल्या. विमा, शिक्षण, विषयाची जाण यांतलं काहीही कमी नव्हतं. त्याच वर्षी सप्टेंबरात सेरेना विल्यम्सलाही सिझेरियननंतर फुप्फुसात गुठळी झाली. आपल्याला पूर्वी गुठळ्या झालेल्या आहेत, सीटी स्कॅन करा, हे तिला स्वतःला आग्रहाने सांगावं लागलं.

आपल्याकडच्या वाचकांना एक तुलना पटकन कळेल. आशाताई बाळंतपणानंतर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येते. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी आरोग्यदूतांकरवी नवजात बाळाची घरी काळजी घेण्याचं जे काम उभं केलं, त्यातून ही पद्धत देशभर गेली. अमेरिकेत मात्र कित्येक वर्षं सहा आठवड्यांनी एकदा दवाखान्यात या, एवढंच होतं, आणि सुमारे ४० टक्के बायका त्या एका भेटीलाही पोचत नव्हत्या. स्त्रीरोगतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेने २०१८ मध्ये ही रीत बदलायला सांगितली: तीन आठवड्यांच्या आत संपर्क, बारा आठवड्यांच्या आत सविस्तर तपासणी, बीपीचा विकार असेल तर सात ते दहा दिवसांत तपासणी आणि तीव्र असेल तर ७२ तासांत. कागदावर हे उत्तम आहे. पण पोटावर ताजे टाके, कडेवर तान्हं बाळ, घरी गाडी नाही आणि नवरा किंवा आई कामावर, अशी बाई ७२ तासांत पुन्हा दवाखाना कशी गाठणार, याचं उत्तर त्या कागदात नाही.

"त्या येतच नाहीत हो" हे वाक्य तुम्ही पहिल्या आठवड्यात ऐकाल. ते ऐकलं की फिलाडेल्फियातला प्रयोग आठवा. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या हॉस्पिटलात काही बायकांना बीपीचं यंत्र घरी दिलं आणि आकडे मोबाइलवरच्या संदेशाने मागवले. बाकीच्यांना नेहमीप्रमाणे दवाखान्यात बोलावलं. दवाखान्यात बोलावलेल्यांपैकी कृष्णवर्णीय बायकांत साधारण ३३ टक्के आल्या, इतरांत ७० टक्के. संदेशाने आकडे मागवले त्या गटात मात्र दोन्हींकडच्या ९० टक्क्यांहून अधिक बायकांचे आकडे मिळाले. बायकांना काळजी होतीच. त्यांच्या वाटेतली खेप काढून टाकल्यावर फरक जवळपास नाहीसा झाला.

आता प्रत्यक्ष काम. पहिले दहा दिवस सर्वांत मोलाचे, म्हणून त्यावरच जास्त लिहिते.

बाळंत झाल्यावर बीपी आपोआप उतरेल अशी सगळ्यांची समजूत असते. प्रत्यक्षात ते तिसऱ्या ते सहाव्या दिवसाच्या सुमारास सर्वांत वर जातं, आणि नेमकी तेव्हाच बाई घरी पोचलेली असते. गरोदरपणात बीपी कधीच वाढलं नव्हतं अशा बाईलाही बाळंतपणानंतर सहा आठवड्यांपर्यंत प्रीक्लॅम्पसिया, म्हणजे बीपी वाढून इतर अवयवांनाही धोका पोचवणारा विकार, होऊ शकतो. म्हणून पहिल्या भेटीत तुमच्या पिशवीत शिवणकामाची टेप हवी. दंडाचा घेर मोजा आणि यंत्राचा पट्टा त्या मापाचा आहे का बघा. पट्टा तोकडा पडला की आकडा खोटा चढतो, मोठा झाला की खोटा उतरतो. मी पाहिलंय की हॉस्पिटलातून दिलेल्या यंत्रासोबत सरसकट एकाच मापाचा पट्टा येतो. भरल्या अंगाची बाई चार दिवस चुकीचे आकडे लिहीत बसते आणि मग "तुमचं यंत्रच बिघडलंय" म्हणून तिचे खरे आकडेही कोणी मनावर घेत नाही. मोजण्याआधी तिला लघवीला जाऊन येऊ द्या. पाठ टेकलेली, दोन्ही पाय जमिनीवर, पायावर पाय नाही, दंड छातीच्या पातळीला, पाच मिनिटं गप्प. बाळ अंगावर पीत असेल तर त्याचं होऊ द्या. मग मोजा, आणि पुढच्या वेळी तिला स्वतःला मोजायला लावून तुम्ही फक्त बघा.

१४०/९० च्या वर गेलं तर त्याच दिवशी कळवायचं. वरचा आकडा १६० किंवा खालचा ११० झाला तर पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायचं आणि तेवढाच राहिला तर हॉस्पिटल. सोबत डोकं ठणकत असेल, डोळ्यांपुढे चमकत असेल किंवा श्वास लागत असेल तर पंधरा मिनिटंही थांबू नका, आणीबाणीचा ९११ नंबर लावा. गोळीचा डोस वाढवणं किंवा बंद करणं हे तुमचं काम नाही, कितीही अनुभव आला तरी.

फोन कसा करायचा हे मी नव्या कार्यकर्त्यांकडून अक्षरशः पाठ करून घेते. "माझं डोकं दुखतंय" असं बाईने सांगितलं तर पलीकडून "झोप कमी झाली असेल, टायलेनॉल घ्या" (म्हणजे आपली पॅरासिटामॉल) असं उत्तर येतं. तोच फोन असा व्हायला हवा: "मी आठ दिवसांपूर्वी सिझेरियन होऊन बाळंत झाले. गरोदरपणात प्रीक्लॅम्पसिया होता. आत्ता बीपी १५४/९८ आहे, पंधरा मिनिटांपूर्वी १५६/९६ होतं. टायलेनॉल घेऊन दोन तास झाले, डोकं थांबत नाही." बोलायचं शक्यतो तिनेच, तुम्ही स्पीकरवर शेजारी. फोन ठेवण्यापूर्वी समोरच्याचं नाव, वेळ आणि काय ठरलं हे लिहून घ्या. "सोमवारी या" असं सांगितलं तर शांतपणे विचारा, "हे आकडे आणि तुमचा हा सल्ला त्यांच्या फाइलमध्ये नोंदवाल का?" या एका प्रश्नाने सोमवारची त्याच संध्याकाळची भेट झालेली मी अनेकदा पाहिली आहे. तरीही काही हललं नाही तर तुमच्या पर्यवेक्षक नर्सला लावा, तिने डॉक्टरला लावायचं.

इमर्जन्सीत गेल्यावर तिच्या तोंडचं पहिलं वाक्य "मी बाळंत झाले आहे" हेच असलं पाहिजे. नाहीतर तिथल्या खिडकीपलीकडच्या माणसाला डोकेदुखीची एक तरुण बाई दिसते आणि तिला खुर्ची दाखवली जाते. सीडीसीच्या 'हिअर हर' या मोहिमेतही हाच आग्रह आहे की गेल्या वर्षभरात गरोदर होतो हे आधी सांगा. तासाभरात एक पॅड पूर्ण भिजणं, अंड्याएवढी गाठ पडणं, १००.४ च्या वर ताप, एकाच पायाची पोटरी लाल होऊन दुखणं, टाका उघडणं किंवा त्यातून पू, छातीत दुखणं: ही यादी तिच्या फ्रिजवर लावा, पण तिची आई किंवा बहीण घरात असेल तर तिलाही ती समजावून द्या. बाळंतिणीला झटका आला तर फोन करणारी ती आई किंवा बहीणच असणार आहे.

श्वास लागण्याबद्दल वेगळं सांगते. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यापासून बाळंतपणानंतर पाच महिन्यांपर्यंत हृदयाचा स्नायू कमकुवत होण्याचा एक आजार होतो. कृष्णवर्णीय स्त्रियांत तो जास्त आढळतो, आणि या स्त्रियांच्या मृत्यूंत हृदयविकार हे सर्वांत मोठं कारण आहे. थकवा, पायाला सूज, धाप ही त्याची लक्षणं कुठल्याही ओल्या बाळंतिणीत असतात, त्यामुळे तो निसटतो. "दम लागतो का?" असं विचारलं तर "बाळामुळे दमते मी" हे उत्तर मिळेल. त्याऐवजी विचारा, "रात्री किती उश्या घेऊन झोपतेस? गेल्या आठवड्यात किती घेत होतीस?" एकीच्या दोन आणि दोनाच्या तीन झाल्या असतील, किंवा ती आरामखुर्चीत बसून झोपत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरशी बोला. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर विसंबू नका. गडद त्वचेवर हे यंत्र खरा ऑक्सिजन कमी असतानाही चांगला आकडा दाखवू शकतं, हे २०२० च्या अभ्यासातून स्पष्ट झालंय.

ज्यांचं बाळ वेळेआधी जन्मून अतिदक्षता विभागात आहे, त्या आयांकडे सर्वांत जास्त लक्ष द्या, आणि त्याच तुम्हाला घरी सापडणार नाहीत. आईला तिसऱ्या-चौथ्या दिवशी घरी सोडतात, बाळ कित्येक आठवडे तिथेच राहतं. अशी एक आई माझ्या डोळ्यांसमोर आहे. एकतिसाव्या आठवड्यात तीव्र प्रीक्लॅम्पसियामुळे तातडीचं सिझेरियन झालं होतं. ईस्ट ऑरेंजहून दोन बस बदलून रोज यायची, दर तीन तासांनी दूध काढायची आणि उरलेला वेळ पेटीच्या भोकातून हात घालून लेकीच्या पाठीवर ठेवून बसायची. बाळाच्या अंगाला तीन-तीन तारा, दर मिनिटाचा ठोका पडद्यावर. आई त्याच खोलीत दिवसचे दिवस बसलेली, आणि तिचं बीपी कोणीच बघत नव्हतं, कारण त्या विभागाची रुग्ण ती नव्हतीच. घरचं यंत्र घरी राहायचं, गोळ्या डब्यात, जेवण म्हणजे मशीनमधलं वेफर्सचं पाकीट. आमच्या कार्यकर्तीने यंत्र तिच्या दूध काढायच्या पिशवीत ठेवायला लावलं आणि दुपारच्या दूध काढण्याच्या वेळेला बीपी आणि गोळी दोन्ही जोडून दिलं. मेडिकेडची, म्हणजे कमी उत्पन्नाच्या लोकांसाठीच्या सरकारी विम्याची, गाडी आधी नोंदवावी लागते, ती आठवड्याची एकदम नोंदवली. सामाजिक कार्यकर्तीला गाठून जेवणाची कुपनं मिळवली. यात वैद्यकीय ज्ञान फारसं लागलं नाही, पण ही चार कामं दुसरं कोणीही केलेली नव्हती.

मनाच्या आजाराबाबत न्यू जर्सीचाच अनुभव बोलका आहे. बाळंतपणानंतरच्या नैराश्याची चाचणी सक्तीची करणारं हे देशातलं पहिलं राज्य, २००६ चा कायदा. तरीही नंतरच्या अभ्यासात दिसलं की मेडिकेडवरच्या स्त्रियांत उपचार सुरू होण्याचं प्रमाण त्याने वाढलं नाही. गोऱ्यांत ९ टक्के आणि कृष्णवर्णीयांत ४ टक्के स्त्रियांनीच उपचार सुरू केले होते. दहा प्रश्नांचा कागद भरून घेतला, पुढे कोणी हात धरून नेलं नाही. त्यात एक भीती असते, ती समजून घ्या: "मी खरं सांगितलं तर मूल काढून नेतील." कृष्णवर्णीय कुटुंबांतली मुलं सरकारी ताब्यात जाण्याचं प्रमाण जास्त आहे, त्यामुळे ही भीती निराधार नाही. तुम्ही खोटा दिलासा देऊ नका. या राज्यात मुलाच्या छळाचा संशय आला तर प्रत्येकाला ते सरकारकडे कळवावंच लागतं, हे पहिल्याच भेटीत सांगा, आणि उदास वाटणं, रडू येणं, बाळाबद्दल काहीच न वाटणं म्हणजे छळ नव्हे हेही तेवढ्याच स्पष्टपणे सांगा. मातांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन १-८३३-८५२-६२६२ चोवीस तास चालू असते. तो नंबर तुमच्यासमोर तिच्या फोनमध्ये साठवून घ्या. जीव द्यावासा वाटत असेल तर ९८८. आणि समुपदेशकाची पहिली वेळ ठरवून त्या दिवशी सोबत जा. पहिल्या खेपेनंतर बहुतेक जणी आपापल्या जातात.

दीड-दोन महिन्यांनी फोन कमी होतात, बाळ हसायला लागतं आणि सगळ्यांना वाटतं संपलं. तेव्हा तुमचं दुसरं काम सुरू होतं. गरोदरपणात मधुमेह झालेल्या बाईची साखरेची चाचणी चार ते बारा आठवड्यांत व्हायला हवी; ती फार जणींची राहून जाते. प्रीक्लॅम्पसिया झालेल्या बाईला पुढच्या आयुष्यात हृदयविकाराचा धोका साधारण दुप्पट असतो, म्हणून स्त्रीरोगतज्ज्ञाकडून नेहमीच्या डॉक्टरकडे तिची फाइल जाणं गरजेचं. पुढचं गरोदरपण राहिलंच तर बाराव्या आठवड्यानंतर कमी डोसची अ‍ॅस्पिरिन द्यायची का हे डॉक्टरला विचारायचं, हे तिला आत्ताच लिहून द्या. विम्याचं बघा. पूर्वी गरोदरपणाचं मेडिकेड बाळंतपणानंतर ६० दिवसांनी बंद व्हायचं. २०२१ च्या केंद्रीय कायद्याने राज्यांना ते वर्षभर देता येऊ लागलं आणि न्यू जर्सी ते लवकर स्वीकारणाऱ्यांपैकी आहे. पण पत्ता बदलला, पत्र चुकीच्या घरी गेलं, की विमा तुटतो. ते पत्र उघडून वाचणं हेसुद्धा तुमचंच काम.

आता तुमचा दुसरा प्रश्न. त्या तुम्हाला दारात उभं करतील, पण लगेच आत घेतील असं नाही, आणि त्यांनी का घ्यावं? या देशातल्या स्त्रीरोगशास्त्राची सुरुवात १८४० च्या दशकात अलाबामात गुलाम स्त्रियांवर भूल न देता केलेल्या शस्त्रक्रियांतून झाली आहे. ते करणाऱ्या डॉ. मॅरियन सिम्सचा पुतळा न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधून २०१८ साली हलला. दक्षिणेत पिढ्यान्‌पिढ्या बाळंतपणं करणाऱ्या कृष्णवर्णीय सुईणींना विसाव्या शतकात परवान्यांच्या नियमांनी हळूहळू बाजूला सारलं गेलं. म्हणजे घरी येऊन बाळंतिणीची काळजी घेणारी, आपल्यातलीच बाई ही गोष्ट त्या समाजाकडे होती, ती काढून घेतली गेली. आज 'ब्लॅक मामाज मॅटर अलायन्स'सारख्या संघटना ती परत उभी करताहेत. तुम्ही त्यांना काही नवीन शिकवायला जात नाही आहात.

म्हणून मुलाखतीत तुम्हीच विचारा की गटात कृष्णवर्णीय कार्यकर्त्या किती आहेत आणि निर्णय घेणाऱ्यांत किती आहेत. एकही नसेल तर त्या संस्थेची बांधणीच चुकली आहे, तिथे जाऊ नका. असतील तर त्यांच्यातल्या अनुभवी बाईच्या हाताखाली पहिले काही महिने फक्त सोबत जा, ऐका. विमा, फॉर्म, गाड्या, अपॉइंटमेंट यांत तुम्ही लवकर तरबेज व्हाल आणि त्यातूनच विश्वास येतो. आणखी एक स्पष्ट बोलते. आपल्या घरांत रंगाबद्दल जे बोललं जातं, इथल्या आपल्या मराठी गप्पांतही 'काळ्यांची वस्ती' असं जे सहज म्हटलं जातं, ते कानावर घेऊन आपण वाढलोय. ते आपल्या चेहऱ्यावर, गाडीची दारं पुन्हा तपासण्यात, चहा नको म्हणण्यात दिसतं आणि समोरच्या बाईला एका क्षणात कळतं. तिने पाणी विचारलं तर घ्या. बूट काढू का विचारा. तिच्या आजीला आधी नमस्कार करा, 'मिस' लावून नाव घ्या. पहिल्या नावाने हाक मारायची सलगी तिने दिल्यावरच.

नोकरी स्वीकारण्याआधी आणखी काही विचारून घ्या. एका कार्यकर्तीकडे एका वेळी किती माता? पन्नास-साठ असतील तर ती फक्त फोन करणारी कारकून होते. रात्री आठ वाजता बीपी १६० दिसलं तर कोणत्या नर्सचा कोणता नंबर लावायचा? याचं उत्तर तिथल्या तिथे मिळालं नाही तर ते तुमच्या माथी येणार आहे. पैसा कुठून येतो, अनुदान किती वर्षांचं? दोन वर्षांचं अनुदान संपलं की बाळंतपणानंतर सातव्या महिन्यात असलेली आई अर्ध्यावर सुटते, हे मी होताना पाहिलंय आणि त्याचा मला अजून राग येतो. खर्चाचं कारण कोणी पुढे केलं तर फिलाडेल्फियातल्या डॉ. श्रेया कांगोवी यांच्या 'इम्पॅक्ट' कार्यक्रमाचा २०२० चा हिशेब सांगा: कार्यकर्त्यांवर खर्च केलेल्या दर डॉलरमागे मेडिकेडचे २.४७ डॉलर वाचले. तो हिशेब दीर्घ आजारांच्या रुग्णांचा आहे, बाळंतिणींचा नाही, एवढंही सोबत सांगा. आणि प्रवासाचे पैसे, फोनचं बिल, हिंसा किंवा बाळाचा मृत्यू पाहिल्यावर कार्यकर्तीला मिळणारा आधार हे लेखी मागा. मुलाखत मनासारखी झाली तर रुजू होण्याआधी घरच्या सगळ्यांचं बीपी वर सांगितलं तसं मोजून हात बसवा, आणि काही अडलं तर इथेच विचारा, मी उत्तर देईन.